ग्रात्सियाची टोपली

१

जहाज धक्क्याला लागलं की व्हॅलेटा शहराचा चेहरा बदलतो. दुकानदार हसायला लागतात, टॅक्सीवाले एकमेकांचा उद्धार करायला लागतात, आणि फिलोमेना पिवळी छत्री काखोटीला मारून उतारानं बंदराकडे निघते. छत्रीचा पावसाशी काही संबंध नाही. ती उंच धरली की मागचा परदेशी घोळका गर्दीत हरवत नाही, एवढंच तिचं काम. फिलोमेना गाईड होऊन इतकी वर्षं झाली होती की तिचे विनोदच आता गावचा वारसा म्हणून दाखवायला हरकत नव्हती.

त्या दिवशीही सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. कॅथेड्रल झालं, बागेतून बंदर दाखवून झालं, चीज भरलेल्या गरम पेस्टीत्सी खाऊन लोकांनी बोटं चाटली. मग ती घोळका घेऊन पायऱ्यापायऱ्यांच्या त्या गल्लीत उतरली, जिथं तिचा जन्म झाला होता. दोन्ही अंगांना उंच घरं, घरांना रंगवलेल्या बंद लाकडी गॅलऱ्या, आणि गल्लीच्या तळाशी समुद्राचा एक तुकडा. तिसऱ्या मजल्यावरच्या हिरव्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली आणि फिलोमेनाच्या कमरेपाशी थांबली. लेलीच्या भट्टीतून सकाळी स्वतःसाठी घेतलेला पाव तिनं पिशवीतून काढून टोपलीत ठेवला, दोरीला दोनदा हिसका दिला. टोपली वर गेली. गॅलरीच्या लाकडावर आतून दोन टकटका ऐकू आल्या, म्हणजे पोचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टोपली खाली आली की हात आपोआप पावाकडे जातो. व्हॅलेटात वाढलेल्या कुणालाही विचारा. बाहेरच्याला प्रश्न पडेल, की टोपली कुणाची, सोडली कशाला, आत टाकायचं काय. इथल्याला पडत नाही. टोपली आली म्हणजे वर कुणीतरी म्हातारं माणूस आहे, त्याचे गुडघे धरलेत, आणि त्याला जिने उतरवत नाहीत.

एकच गोष्ट फिलोमेनाला खटकली. टोपली वर जाताना भिंतीवर आपटत गेली. झटका, मग थांबा, मग पुन्हा झटका. तिच्या आईच्या हातून टोपली कधी भिंतीला लागली नव्हती. "सावकाश गं आई," असं ती सवयीनं वर बघून म्हणालीसुद्धा.

चर्चच्या वळणावर घोळक्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं विचारलं, "वर तुमची आई राहते का?"

"हो तर," फिलोमेना कौतुकानं म्हणाली. "नव्वदीला टेकलीय, पण पाव शिळा असला तर मला उभी फाडते."

आणि मग छत्री तशीच वर धरून ती थांबली. तिची आई घरात नव्हतीच. फेब्रुवारीत, लेंटच्या उपवासात ती जिन्यावरून पडली, तेव्हापासून वेशीबाहेर फ्लोरियानात नन्सच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून होती. घराला कुलूप होतं, आणि किल्ली फिलोमेनाच्या पर्समध्ये होती.

२

घोळका जहाजावर पोचवून तिनं भावाला फोन लावला.

"विस्तीन, आईच्या घरात कुणाला ठेवलंयस का?"

"मी कुणाला ठेवू? एक बायको आहे, तीच मला ठेवून घेत नाही."

"चेष्टा नको. आज टोपली खाली आली होती."

"मग पाव टाकलास की नाही?"

"टाकला."

"झालं तर. कुणाचं का होईना, पोट भरलं." विस्तीनला कुठल्याही गोष्टीला उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे, आणि उत्तर सरळ द्यायचं नाही हा त्याचा बाणा होता. मग मात्र तो म्हणाला, "किल्ली एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. माझी आत्ता माझ्यासमोर खिळ्याला लटकतेय. गच्चीवरून कुणी उतरलं असेल. जाऊन बघून तर ये."

गल्लीत समोरच्या दारात म्हातारा सालवू बसला होता. त्याचं चपलांचं दुकान कधीच बंद पडलं होतं, पण दुकानाच्या पायरीवर बसायची सवय सुटली नव्हती.

"काका, वर कोण आहे?"

"कोण असणार? तुझी आई. सकाळपासून खुर्ची ओढतेय नुसती."

"आई नन्सकडे आहे, काका."

"अगं हो की." सालवूनं कान खाजवला. "कान गेले पोरी माझे. आता काय, जे ऐकू येतं ते निम्मं मनातलंच असतं."

फिलोमेना जिने चढली. कुलूप जागेवर होतं, नीट लागलेलं. आत बंद घराचा वास होता, त्यात मेणबत्त्यांचा आणि कपाटातल्या लव्हेंडरचा. पलंगावर तिनं स्वतः पसरलेली चादर तशीच होती. काचेच्या घुमटाखालची मादोन्नाची मूर्ती धूळ खात उभी होती. स्वयंपाकघरात पाव नव्हता, चुरा नव्हता, ओट्यावर मुंगीही नव्हती.

गॅलरीचं दार ढकलल्यावर तिला आधी टोपली दिसली, खिळ्याला, जिथं असायची तिथंच. पण दोरी नीट वेटोळं करून ठेवलेली नव्हती. ती आत कोंबली होती, कधी दोरी हाताळलीच नाही अशा माणसानं कोंबावी तशी. आणि आईची वेताची खुर्ची उलटी फिरवलेली होती. आई जन्मभर गल्लीकडे तोंड करून बसली. आता खुर्चीचं तोंड घराच्या आत, दाराकडे होतं.

खाली कोण आलंय ते बघायला गॅलरीच्या तळफळीत एक भोक असतं, लाकडी बुचानं बंद केलेलं. आईच्या गॅलरीतलं बूच काढून बाजूला ठेवलेलं होतं. फिलोमेनानं खुर्ची सरळ केली, बूच भोकात दाबून बसवलं, आणि मनाशी म्हणाली, हा विस्तीनचा वेंधळेपणा. फेब्रुवारीत आईची शाल न्यायला तो आला होता, तेव्हाच काहीतरी उलथापालथ करून गेला असणार. हे स्वतःला पटवायला तिला जरा वेळ लागला, पण पटलं.

कुलूप लावून ती एक जिना उतरली असेल नसेल, तेवढ्यात वरून एक बारीक आवाज आला. ओल्या लाकडातून लाकूड ओढून काढल्याचा, आणि मग ते फळीवर हळूच ठेवल्याचा. ती जिन्यातच उभी राहिली. आपण एवढ्या शहाण्या बाई, परत वर जाऊन बघायला काय हरकत आहे, असं तिनं स्वतःला विचारलं. पाय मात्र खालीच गेले.

३

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिची आई ग्रात्सिया मरायला टेकली होती. हाड सांधलं होतं, दुखणं असं काही उरलं नव्हतं, पण पडल्यापासून तिनं अन्न टाकलं होतं. चमचा तोंडाशी नेला की ती तोंड भिंतीकडे करी. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मनाची तयारी ठेवा. फिलोमेनाचं मन तयार नव्हतं. पन्नाशी उलटलेली, नवऱ्यानं सोडलेली, मूलबाळ नसलेली बाई. आईवाचून तिला रागावणारंसुद्धा कुणी उरणार नव्हतं.

त्या संध्याकाळी ती वृद्धाश्रमात पोचली तेव्हा सिस्टर बेनिन्या दारातच उभी होती, आणि चांगली तापलेली होती.

"फिलोमेनाबाई, तुम्ही शिकलेल्या म्हणवता. चोरून कडक पाव आणून देता आईला? तिला दात किती आहेत माहीत आहे ना? घशात अडकला असता म्हणजे?"

"मी काही आणलं नाही, सिस्टर. मी आत्ता येतेय."

सिस्टरनं मूठ उघडली. तळहातावर पावाचा चुरा होता, जाड, काळपट, लेलीच्या भट्टीत पावाच्या कडा करपतात तसा. आश्रमात मऊ, पांढरा, कापलेला ब्रेड देत. "चादरीत सापडला," ती म्हणाली.

आई उशीला टेकून बसली होती. किती दिवसांनी ती बसली होती. गालांवर रंग होता.

"आई, जेवलीस?"

"जेवले की. लेलीला सांग, भट्टीकडे लक्ष दे म्हणावं. कडा पार करपवल्यात."

फिलोमेना हसली, कारण हे वाक्य आई रोजच म्हणायची. मग तिला हसवेना. पण आईचा हात ऊबदार होता, आणि त्या उबेपुढे बाकीचं तिला बघायचं नव्हतं. तिनं आईचा हात गालाला लावून धरला आणि पोटभर रडली.

"रडतेस काय मेले," ग्रात्सिया म्हणाली. "उद्याही जहाज आहे ना? उशीर करू नकोस. ती वाट बघते."

"कोण ती?"

ग्रात्सियानं जांभई दिली. "तिला दोरी धरता येत नाही अजून. शिकेल."

४

त्यानंतर मोसम भरात आला. रोज जहाजं, रोज घोळके, आणि रोज टोपली. फिलोमेना पाव ठेवायची, हिसका द्यायची, आणि वर न बघता पुढं निघायची. एजन्सीचा साहेब खूश होता. लोकांना कॅथेड्रलपेक्षा टोपलीच जास्त आवडते म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्या गाईडांनाही ती गल्ली दाखवायला सांगितली. पण टोपली दुसऱ्या कुणासाठी उतरत नसे.

तिच्या मनानं नाना कारणं शोधली. गच्चीवरून शिरणारा कुणी भिकारी असेल, आश्रमातली कुणी मोलकरीण आईला लपवून पाव देत असेल, आणि दोन्ही गोष्टी योगायोगानं एकाच वेळी घडत असतील. योगायोग काय, होतात. कुलूप उघडून पुन्हा एकदा बघायचं मात्र तिनं टाळलं. खरं सांगायचं तर तिला बघायचंच नव्हतं. आई बरी होत होती. काठी धरून खिडकीपर्यंत जात होती, सिस्टरच्या चालण्याची नक्कल करून शेजारच्या खाटांना हसवत होती. ताट तसंच परत जायचं आणि वजन वाढायचं. डॉक्टर मान हलवायचे.

आणि टोपली आता भिंतीला लागत नव्हती.

एके दिवशी आईला जुनं काही ऐकावंसं वाटलं असेल म्हणून फिलोमेनानं विषय काढला. "आई, बाबा गोदीतून यायचे तेव्हा तू गॅलरीतूनच ओळखायचीस ना?"

"कोण बाबा?"

"माझे बाबा. तुझा नवरा."

ग्रात्सियानं जरा आठवून पाहिलं. दुःख नाही, गोंधळ नाही, ठेवलेल्या जागी वस्तू सापडू नये इतपतच. "ते सांगितलं मी तिला," ती म्हणाली.

"कुणाला काय सांगितलंस?"

"तिला. ती विचारते ना. नवऱ्याचं नाव काय, तो कसा चालायचा, काय म्हणून हाक मारायचा. सांगितलं की पावाचा घास देते. आधी मला देते हं, मग आपण खाते. तशी वाईट नाही."

"मग आता तुला ते नाव आठवत नाही?"

"दिलेलं आपल्याकडे कसं राहील, वेडे?"

वयाला होतंच असं, सिस्टर बेनिन्या म्हणाली, आणि तिनं पुष्कळ म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. फिलोमेनानं ते घट्ट धरून ठेवलं. पण दुसऱ्या सकाळी सालवूनं तिला पायरीवरून हाक मारली. तो आनंदात होता.

"पोरी, आईला घरी आणलंस ते बरं केलंस. सकाळी वरून माझी चौकशी केली. 'काय रे बोकड्या, गुडघा कसा आहे?' म्हणाली. बोकड्या! शाळेतलं नाव माझं. ते माहीत असणारं माणूस आता ग्रात्सियाशिवाय कोण उरलंय या गल्लीत?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, गुडघा तुझ्यापेक्षा बरा आहे, थेरडे." सालवूनं डोळे पुसले. "बरं वाटलं गं. फार दिवसांनी कुणी हाक मारली."

५

फिलोमेनानं गल्ली सोडली. ती घोळका घेऊन पलीकडच्या रस्त्यानं समुद्राकडे उतरायला लागली, आणि कुणी टोपलीचं विचारलं तर म्हणायची, बाई आजारी आहे.

आश्रमात आईनं पुन्हा तोंड भिंतीकडे केलं. आठवडा सरायच्या आत तिचे गाल बसले, हात गार पडला. सिस्टर चमच्यानं सूप घालायची आणि ते हनुवटीवरून ओघळायचं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि पुन्हा दोघांना बाजूला घेतलं. या वेळी विस्तीनलाही विनोद सुचला नाही.

मग सालवूचा फोन आला. "पोरी, हे काय चाललंय? टोपली दिवस दिवस खाली लोंबतेय. काल एका परदेशी बाईनं तिच्यात केळं ठेवलं, तर वरून फेकून दिलं. तुझी आई अन्न फेकणारी नव्हती कधी."

त्या दिवशी बंदरात जहाज नव्हतं. गल्ली रिकामी होती, ऊन पायऱ्यांवर सरळ पडलं होतं, कुणाच्या तरी रेडिओवर रोझरीची प्रार्थना चालू होती. फिलोमेना पाव घेऊन हिरव्या गॅलरीखाली उभी राहिली. आपण काय करतो आहोत हे तिला चांगलं ठाऊक होतं. आता हात आपोआप गेला असं म्हणायची सोय उरली नव्हती. तिला आई हवी होती. अर्धीमुर्धी, विसरभोळी, बाबांना विसरलेली, कशीही चालली असती.

तिनं पाव ठेवला, दोरीला दोनदा हिसका दिला. टोपली सरळ, एका लयीत वर गेली, आईच्या हातातली लय. आणि आजवर जे टाळलं ते तिनं केलं. मान वर करून तळफळीतल्या भोकाकडे पाहिलं.

भोकात डोळा होता. तो तिच्याकडे बघत होता, पण नुसताच उघडा, पापणी लववायची असते हे माहीत नसावं तसा. उन्हानं फिलोमेनाचे डोळे चुरचुरले आणि तिनं पापण्या मिटून उघडल्या. वरच्या डोळ्यानं ते बघितलं. मग तोही मिटला आणि उघडला, तिच्याइतक्याच सावकाश.

लाकडावर दोन टकटका झाल्या.

संध्याकाळी ग्रात्सिया उठून बसली होती, आणि केस विंचरून दे म्हणत होती. फिलोमेना कंगवा घेऊन तिच्याजवळ बसली.

"आई, आपलं घर कुठल्या गल्लीत आहे?"

"घर होतं वाटतं. हिरवं काहीतरी." मग तिनं मुलीचा हात पकडला आणि आवाज खाली आणला. "ती आता तुझं नाव विचारते."

"सांगू नकोस."

"नाहीच सांगत. तेवढं एक ठेवलंय मी. बाकी सगळं नेलंन्, पण म्हटलं हे नाही देणार." ग्रात्सिया मुलीकडे बघत राहिली, चेहरा पाठ करत असल्यासारखी. "पण भूक लागली की फार लागते गं, फिलो."

६

आईला घरी आणायचं, हे फिलोमेनानं ठरवलं. तिचा विचार अगदी साधा होता. खुर्ची आईची आहे. आई तिच्यात बसली की दुसऱ्या कुणाला बसायला जागा राहणार नाही. पाव आपण स्वतः हातानं भरवू. विस्तीनला तिनं सगळं सांगितलं. त्यानं नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेलं, पण सकाळी गाडी घेऊन वेळेवर हजर झाला.

बंदरात मोठं जहाज होतं. गल्लीत परदेशी लोक खच्चून भरले होते, मोबाइल वर धरून, कुठल्या तरी दुसऱ्या गाईडच्या मागे. विस्तीन चाकांची खुर्ची एकेक पायरी जपून उतरवत होता. पायरीवरून सालवूनं हात वर केला, मग खुर्चीतल्या बाईकडे आणि वरच्या गॅलरीकडे आळीपाळीनं बघितलं आणि तो उठून आत गेला. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

ग्रात्सिया मान वळवून वळवून घरं बघत होती.

"छान आहे हो गाव," ती म्हणाली. "समुद्र कुठल्या बाजूला?"

"आई, तू इथं जन्मलीस," विस्तीन म्हणाला.

"हो का?" ग्रात्सिया सभ्यपणे हसली. "आपलं जहाज किती वाजता सुटतं? उशीर झाला तर थांबत नाहीत म्हणे."

फिलोमेना खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आई, माझ्याकडे बघ. मी कोण?"

"तुम्ही गाईड ना? छत्री कुठाय तुमची?"

काल रात्री आश्रमात तिला भूक लागली असणार. कुणी आलं नसणार जवळ, आणि राखून ठेवलेलं ते एक नावही तिनं देऊन टाकलं असणार. फिलोमेनाला हे एका क्षणात कळलं, आणि तेवढ्यात लोकांत कुजबुज झाली, मोबाइल वर गेले. टोपली खाली येत होती. भिंतीला न लागता, न हेलकावता ती आली आणि फिलोमेनाच्या खांद्यापाशी थांबली.

"फिलो!" वरून हाक आली. "किती उशीर गं मेले. कडा करपल्या नाहीत ना आज?"

आवाज आईचा होता. नुसता तसा नाही. त्यात लाड होता, रागावणं होतं, सकाळपासून वाट बघितल्याची तक्रार होती. इतक्या दिवसांत खाटेवरच्या आईच्या आवाजात यातलं काही उरलं नव्हतं. फिलोमेनाला रडू फुटलं. धावत जिने चढून त्या आवाजाच्या कुशीत शिरावं असं तिला वाटलं, अगदी खरंखरं वाटलं.

गॅलरीची झडप वीतभर उघडली. आत अंधार होता, आणि अंधारात आईची निळी शाल पांघरलेला खांदा. शाल विस्तीननं फेब्रुवारीतच आश्रमात पोचवली होती. ती आत्ताही खुर्चीतल्या ग्रात्सियाच्या अंगावर होती.

"आणि ही म्हातारी कोण गं, खुर्चीतली?" वरून विचारलं. "नाव काय तिचं?"

फिलोमेनाचा हात विस्तीनच्या तोंडाकडे गेला, पण तो वर बघत होता. पांढराफटक पडला होता, संतापला होता, आणि त्याला जन्मात कधी उत्तर दिल्याशिवाय राहवलं नव्हतं.

"ग्रात्सिया!" तो ओरडला. "ही ग्रात्सिया आहे, आमची आई! तू कोण?"

लाकडावर दोन टकटका झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खुर्चीतली बाईही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागली.

विस्तीननं खुर्चीच्या दांड्यांवरचे हात काढून घेतले. त्यानं कपाळ चोळलं, उन्हात फार वेळ उभं राहिलेल्या माणसासारखं इकडेतिकडे बघितलं, आणि मग खाली वाकून खुर्चीतल्या बाईकडे.

"फिलो," तो म्हणाला, "ही बाई कुणाच्या घोळक्यातली? हिचं जहाज चुकेल की. कुणीतरी धक्क्यावर पोचवायला नको का हिला?" मग त्यानं मान वर केली आणि हसून हात केला. "आलो गं आई. फिलो पाव घेऊनच आलीय."

"त्याला काय ठाऊक, तो मेला वेंधळाच," वरचा आवाज लाडानं म्हणाला. "तू सांग फिलो. कोण गं ती?"

फिलोमेनानं ओठ घट्ट मिटले. नाव जिभेवर होतं, इतक्या वर्षांचं, आणि घरच्या माणसांत ते आता तिच्या एकटीच्या तोंडात उरलं होतं. पाव पिशवीतच होता. तिनं वळून खुर्चीचे दांडे धरले आणि उलट्या पावलांनी ती एकेक पायरी खुर्ची वर ओढायला लागली. लोक बाजूला सरून वाट देत होते. गॅलरीतून हाका येत होत्या, आधी लाडाच्या, मग काळजीच्या, अगदी आईच्या.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर खुर्चीतल्या बाईनं मान मागे टाकून वर तिच्याकडे पाहिलं.

"बाई," ती अदबीनं म्हणाली, "जहाजावर जायच्या आधी काही खायला मिळेल का हो? मला फार भूक लागलीय."